झेंड्याला उलट बाजू नसते: चाळीतल्या प्रदर्शनासाठी चार जुने ध्वज शिवल्याच्या नोंदी

२९ जून, रविवार
चाळ कमिटीच्या मीटिंगमध्ये ठरलं की यंदा १५ ऑगस्टला नुसतं झेंडावंदन आणि जिलबी नको, काहीतरी करू. तिरंगा एकदम आजच्या रूपात आला नाही, आधी बरेच ध्वज होऊन गेले, ते शिवून लावू असं मी बोलून गेले. बोललं त्याच्याच गळ्यात काम पडतं. खर्चाला ३,००० रुपये मंजूर. माझ्याकडे आईचं पायाचं मशीन आहे, फॉल-पिको आणि उशांची कव्हरं एवढा अनुभव. दुसऱ्या मजल्यावरचे मास्तर चाळीस वर्षं शिवणकाम करून आता घरी असतात, ते बघायला येतो म्हणाले. 'बघायला' हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला.

ज्यांना असं काही करायचं असेल त्यांच्यासाठी लिहून ठेवते आहे. जिथे चुकले तिथे जास्त लिहीन.

यादी: १९०७ चा मादाम कामांचा, १९१७ चा होमरूलचा, १९२१ चा चरख्याचा, १९३१ चा काँग्रेसचा. आजचा तिरंगा विकत आणायचा, तो घरी शिवायचा नाही. ७ ऑगस्ट १९०६ ला कोलकात्याच्या पारशी बागान चौकात फडकवलेला ध्वजही डोक्यात होता, पण वरचा पट्टा कुठे हिरवा, कुठे लाल, कुठे केशरी लिहिलेला आहे. तीन ठिकाणी तीन वर्णनं असताना मी कोणतं कापड कापू? तो पाटीवर लिहायचा, शिवायचा नाही.

माप सगळ्यांना एकच, ९०० बाय ६०० मिलिमीटर. मूळ ध्वज या मापाचे होते म्हणून नव्हे, आपल्या पॅसेजचे खांब तेवढ्या अंतरावर आहेत म्हणून.

५ जुलै, शनिवार
मंगलदास मार्केट. गिरगावातून बसची वाट बघत बसण्यापेक्षा चालत गेले, पाऊस थांबला होता. वाटेत क्रॉफर्ड मार्केटजवळ सरदारगृह लागतं. १ ऑगस्ट १९२० ला टिळक गेले ते याच इमारतीत. त्यांच्या होमरूलच्या झेंड्याचं कापड आणायला आपण त्याच दारावरून चाललोय हे परत येताना पिशव्या सांभाळताना सुचलं.

दुकानदाराला केशरी म्हटलं तर त्याने शेंदरी, नारिंगी आणि भगवा असे तीन तागे टाकले आणि विचारलं, "तिरंगावाला चाहिए ना?" पोटमाळ्यावरून चौथा आला, तो जमला. टू बाय टू रुबिया घेतलं, १२० रुपये मीटर. लाल १, हिरवा २, पिवळा १, पांढरा १, केशरी १. एकूण ७२०.

पहिली चूक इथेच, घरी आल्यावर कळली. रुबियाचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ३६ इंच, म्हणजे ९१४ मिलिमीटर. मी पट्टे आडवे निघतील असं धरलं होतं. ९०० चा ध्वज, त्यात काठीकडची दोरी घालायची नेफ्यासारखी पट्टी आणि दुसऱ्या टोकाची दुमड. ९१४ मध्ये बसणार कसं? पट्टे लांबीत कापावे लागले. त्यात लालचा हिशोब असा झाला: कामांच्या ध्वजाचा एक पट्टा २२०, होमरूलचे पाच पट्टे प्रत्येकी ८७, चरख्याचा एक २२०. बेरीज ८७५. ९१४ मध्ये अगदी काठोकाठ. कागदावर.

लाल दोन मीटर घ्या. का ते पुढे येतंच.

६ जुलै, रविवार
एकादशी. उपासाचं करण्यात सकाळ गेली. दुपारी कापड भिजवायला घेतलं, कारण सुती कापड आटतं. घाईत फक्त पांढरा आणि केशरी भिजवला. लाल-हिरवा 'आता कुठे वाळणार या पावसात' म्हणून तसाच ठेवला.

१२ जुलै, शनिवार
१९०७ चा सुरू केला. वरचा पट्टा हिरवा आणि त्यावर आठ कमळं, मधला पिवळा आणि त्यावर देवनागरीत वंदे मातरम्, खालचा लाल आणि त्यावर चंद्रकोर व सूर्य. २२ ऑगस्ट १९०७ ला जर्मनीत श्टुटगार्टच्या आंतरराष्ट्रीय समाजवादी परिषदेत भिकाजी कामांनी हा फडकवला. बाई मुंबईच्या, जन्म इथलाच, १८६१ चा. मंत्रालयासमोरच्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. मी त्या रस्त्यावरून नोकरीला जायचे तेव्हा मला वाटायचं कामा म्हणजे कामा हॉस्पिटलवाले कोणी.

पट्टे जोडून मास्तरांना दाखवायला गेले. त्यांनी हातात घेतलं आणि पहिलं काय केलं, तर पालथं केलं. शिवणीचे दोरे, कापडाच्या कडा सगळं मागे लोंबत होतं.

"ताई, हे काय?"
"ती उलट बाजू आहे, मास्तर."
"झेंड्याला उलट नसते. दोन्हीकडून सुलट."

उसवलं सगळं. त्यांनी जीन्सच्या पायाला बाजूने असते तशी शिवण दाखवली: एक कड लहान कापायची, दुसरी तिच्यावर दुमडून घ्यायची आणि वरून टीप मारायची. दोन्हीकडून साफ दिसते आणि वाऱ्याने उसवत नाही. या शिवणीला एका बाजूला १० आणि दुसऱ्या बाजूला १५ मिलिमीटर माया, म्हणजे शिवणीत जाणारं जास्तीचं कापड, लागते. मी सगळीकडे १० च ठेवली होती. २२० च्या पट्ट्यांत कसंबसं भागलं.

गेलेला वेळ साडेचार तास. त्यातले दोन उसवण्यात.

१३ जुलै, रविवार
कमळं. पहिलं भरतकामाने केलं, पांढऱ्या दोऱ्याने भरीव. एक तास वीस मिनिटं लागली आणि मागून गुंतवळा दिसायला लागला. म्हणजे परत तेच, मागची बाजू. पांढऱ्या कापडाची कमळं कापून दोन्ही बाजूंना लावायची ठरली. आठ नव्हे, सोळा. शेजारच्या वहिनींनी आपणहून आठ घेतली, "मालिका बघताना हात रिकामेच असतात." ही आठ कमळं म्हणजे तेव्हाचे आठ प्रांत.

१९ जुलै, शनिवार
अक्षरं. पिवळ्यावर उठून दिसतील अशी गडद निळ्या कापडाची कापली, अर्धा मीटर ६० रुपये. यासाठी दोन्ही बाजूंनी चिकटणारा फ्युजिंगचा कागद मिळतो. त्यावर आकार काढायचा, कापडाला इस्त्रीने चिकटवायचा, कापायचा, मग ध्वजावर ठेवून परत इस्त्री. कागदावर मी सुलटं 'वंदे मातरम्' काढलं. चिकटवताना कागद पालथा पडतो. कापून झाल्यावर हातात आलेला 'व' आरशातला होता. 'द' तर ओळखूच येईना. अख्खी संध्याकाळ आणि अर्धा मीटर कागद वाया. कागदावर अक्षरं उलटीच काढावी लागतात. खिडकीच्या काचेवर चिठ्ठी चिकटवून मागून गिरवली की होतं.

दुसरी बाजू तशीच केली आणि दोरीवर लावून पाहिलं. चौकातून उजेड आला आणि पुढच्या 'वंदे'च्या पोटातून मागचं 'मातरम्' उलटं दिसायला लागलं. रुबिया पातळ असतं हे साडीवर ब्लाऊज घालणाऱ्या बाईला माहीत असायला हवं होतं.

२० जुलै, रविवार
मधला पट्टा उसवला, आत मांजरपाटाचं अस्तर घातलं. ७० रुपये मीटर. आता अक्षरं आरपार दिसत नाहीत. पण मधला पट्टा जड झाला आणि खालचा लाल झोळीसारखा लोंबतो. मास्तर म्हणाले, अस्तर तिरपं कापलंस का? हो, उरलेल्या तुकड्यातून तिरपं कापलं होतं. तिरपं कापड ताणलं जातं. उभ्या धाग्यात परत कापून लावलं, झोळ बराच गेला. पूर्ण नाही.

या एका ध्वजाला एकोणीस तास लागले. मूळ ध्वज पुण्याला केसरीवाड्यात जपलेला आहे. आधी जाऊन बघून यायला हवं होतं. शनिवार-रविवार शिवणकामातच जातायत.

२४ जुलै, गुरुवार रात्री
होमरूलचा. पाच लाल, चार हिरवे, आलटून पालटून नऊ आडवे पट्टे. वर डावीकडे युनियन जॅक, वर उजवीकडे पांढरी चंद्रकोर आणि तारा, आणि मध्ये सात तारे सप्तर्षीसारखे मांडलेले. कागदावर बघायला सुरेख. शिवायला सुरुवात केली की ज्याने काढला त्याच्या घरी मशीन नव्हतं असा संशय येतो.

६०० ला नऊने भागलं की ६६.६७. ते ६७ धरलं, म्हणजे एकूण ६०३. आठ शिवणी. प्रत्येक शिवणीत दीड मिलिमीटर जास्त आत गेलं, कारण नव्या शिवणीची माया जास्त आणि पट्टे जुन्या हिशोबाने कापलेले. बारा मिलिमीटर गेले. ध्वज ५९१ चा झाला. परत कापायला लाल शिल्लक नाही. ५९१ च ठेवला. खांबावर कोणी टेप लावून बघणार नाही, मास्तर सोडून.

२७ जुलै, रविवार
युनियन जॅक. यातल्या तिरप्या लाल पट्ट्या पांढऱ्याच्या बरोबर मध्ये नसतात, एका अंगाला सरकलेल्या असतात, आणि वरच्या भागात काठीकडे पांढरा जाड असतो. मी मध्येच लावल्या. मास्तरांच्या नातवाने मोबाईलवर दाखवून चूक काढली. बदलल्या नाहीत. ज्याचा झेंडा त्याने येऊन दुरुस्त करावा.

खरी अडचण दुसरीच आली. ध्वज गॅलरीत टांगून ठेवला होता, तो बघून पहिल्या मजल्यावरचे आजोबा माझ्या दारात आले. "स्वातंत्र्यदिनाला इंग्रजांचा झेंडा लावणार? गिरगावात?" मी सांगितलं की हा टिळक आणि ॲनी बेझंट यांच्या होमरूल चळवळीचा आहे, तेव्हा मागणी साम्राज्यात राहून स्वराज्याची होती, म्हणून तो कोपऱ्यात आहे. त्यांना टिळकांचं नाव पटलं, कोपरा पटला नाही. मग कमिटीत अर्धा तास याच्यावर गेला. शेवटी ठरलं की ध्वज लागेल, पण पाटी मोठ्या अक्षरात आणि ध्वजाच्या वर, खाली नाही. आजोबांचं म्हणणं चूक आहे असं मला अजून म्हणवत नाही. चौकातून येणाऱ्याला आधी कोपराच दिसणार.

२ ऑगस्ट, शनिवार
१९२१ चा. वर पांढरा, मध्ये हिरवा, खाली लाल, आणि तिन्हींवर पसरलेला चरखा. पिंगली वेंकय्यांनी काँग्रेसच्या बेजवाड्याच्या (आजचं विजयवाडा) अधिवेशनात लाल-हिरवा ध्वज गांधीजींना दाखवला, चरख्याची सूचना जालंधरच्या लाला हंसराजांची, पांढरा गांधीजींनी घालायला सांगितला. लाल हिंदूंचा, हिरवा मुसलमानांचा, पांढरा बाकी सगळ्यांचा, असा तेव्हाचा अर्थ.

पट्टे लावून झाले. खडूच्या खुणा जाईनात म्हणून बादलीत बुडवला. ६ जुलैला जो लाल भिजवला नव्हता, तो आज भिजला. दहा मिनिटांत पांढरा पट्टा गुलाबी. मीठ घालून पाहिलं, व्हिनेगर घालून पाहिलं. गुलाबीचा फिका गुलाबी झाला, पांढरा नाही.

लाल एक आणि पांढरा एक मीटर परत आणायला गेले, २४० रुपये. त्याच दुकानात, त्याच नंबरचं लाल, पण तागा वेगळा, छटा किंचित विटकरी. आता १९२१ चा लाल आणि बाकीच्यांचा लाल वेगळे दिसतात. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेल मुद्दाम केलंय.

नवं कापड आधी वेगळ्या बादलीत, मीठ घालून, पाणी निवळ येईपर्यंत. चार पाणी लागली.

३ ऑगस्ट, रविवार
चरखा. साखळी टाक्याने काढायचा ठरवलं. आणि परत मागच्या बाजूपाशी अडले.

अक्षरांचं सोपं होतं, दोन्हीकडून वाचता आली पाहिजेत, म्हणून दोन वेगळे तुकडे लावले. चरख्याला एका अंगाला मोठं चाक आणि दुसऱ्या अंगाला चाती, म्हणजे सूत काततात ती टोकदार सळई, असते. आरपार टाके घातले तर मागून चरखा आरशातल्यासारखा दिसतो, पण चाक काठीकडेच राहतं. मागे वेगळा सुलटा चरखा लावला तर चित्र दोन्हीकडून सारखं, पण मागच्या बाजूला चाक काठीपासून लांब, मोकळ्या टोकाला जातं. दोन्ही एकदम साधत नाही. मास्तर आणि मी जमिनीवर कागदाचा ध्वज करून तो उलटापालटा करत बसलो होतो, वहिनी म्हणाल्या तुम्ही दोघं नवा व्यापार खेळताय का.

रात्री पाट्यांसाठी २२ जुलै १९४७ चं संविधान सभेतलं नेहरूंचं भाषण वाचत होते, तर त्यात हेच. चिन्ह दोन्ही बाजूंनी सारखं हवं, चरख्याला एकीकडे चाक आणि एकीकडे चाती, ध्वज फिरवला की ती उलटीकडे जातात, आणि चाक तर काठीकडे हवं. ही व्यावहारिक अडचण होती असं ते स्वच्छ सांगतात. म्हणून चरख्याचं चाक तेवढं ठेवलं आणि त्याला सारनाथच्या अशोकस्तंभावरच्या चक्राचं रूप दिलं. चोवीस आरे, कुठूनही बघा, तेच. धर्म, गती हे सगळं शाळेपासून ऐकलेलं होतं. त्याच्या जोडीला शिवणीची अडचणही होती हे मला जमिनीवर बसून दुपार घालवल्याशिवाय कळलं नसतं.

सकाळी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, "मग? मी पहिल्या दिवशी काय बोललो?"

आम्ही आरपार टाके घातले. चाक काठीकडे.

७ ऑगस्ट, गुरुवार रात्री
१९३१ चा. केशरी, पांढरा, हिरवा आणि मध्ये निळा चरखा. हा ठराव ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईच्याच काँग्रेस बैठकीत झाला. त्याआधी सात जणांच्या समितीने एकरंगी केशरी ध्वज सुचवला होता, वर काठीकडच्या कोपऱ्यात चरखा. तो नामंजूर झाला. शिवणाऱ्याच्या दृष्टीने तो सगळ्यात सोपा होता, एकही जोड नाही. माझं मत कोणी विचारलं नाही.

हा ध्वज पाच तासांत झाला. तीन रंग, दोन शिवणी, हात बसलेला.

८ ऑगस्ट, शुक्रवार
तिरंगा. आधी महिन्याभरापूर्वीच रस्त्यावरून १५० रुपयांचा घेऊन ठेवला होता. आज उघडून मोजला. लांबी-रुंदी ३:२ नाही, चक्र लांबट, आरे बावीस. तो लावायचा नाही. खादीचा आणला, १,२५० रुपये. ९०० बाय ६०० ला चक्राचा व्यास १८५ मिलिमीटर असतो, पट्टा २०० चा. टेप लावून बघितलं, बरोबर. उजेडाकडे धरलं तर पुढचं चक्र मागच्यावर बरोबर बसलेलं, एक आरासुद्धा सरकलेला नाही. मास्तर बराच वेळ धरून उभे होते. काही बोलले नाहीत.

९ ऑगस्ट, शनिवार
राखी. सकाळी ऑगस्ट क्रांती मैदानावर चक्कर मारली, १९४२ मध्ये अरुणा असफ अलींनी गवालिया टँकवर झेंडा फडकवला ती जागा. तो झेंडा म्हणजे परवा पाच तासांत शिवला तोच, चरख्याचा.

१० ऑगस्ट, रविवार
पाट्या. सगळ्यात जास्त वाद इथे. मुलांना शाळेत केशरी म्हणजे हिंदू, हिरवा म्हणजे मुसलमान असं कोणीतरी सांगितलेलं असतं. तो अर्थ १९२१ च्या ध्वजाचा, आणि तिथे केशरी नव्हताच, लाल होता. १९३१ च्या ठरावात रंगांना जातीधर्माचा अर्थ नाही असं स्पष्ट केलं: केशरी धैर्य आणि त्याग, पांढरा सत्य आणि शांती, हिरवा श्रद्धा आणि शौर्य. १९४७ मध्ये राधाकृष्णन यांनी आणखी वेगळा अर्थ सांगितला, केशरी वैराग्याचा, हिरवा मातीशी असलेल्या नात्याचा. कमिटीतल्या एकाला सगळ्या पाट्यांवर एकच अर्थ हवा होता, "लोक गोंधळतील." ज्या ध्वजाला जो अर्थ, तोच लिहिला. पाच पाट्या ४०० रुपये.

हिशोब: कापड ९६०, निळं ६०, अस्तर ७०, फ्युजिंग १८०, दोरे-लडी २१०, सुया ६०, दोर आणि लाकडी गुल्ल्या १२०, फुकट गेलेला झेंडा १५०, खादीचा १,२५०, पाट्या ४००. एकूण ३,४६०. वरचे ४६० कमिटीकडे मागितले नाहीत, १५० तर माझ्याच चुकीचे होते.

१४ ऑगस्ट, गुरुवार
लावताना लक्षात आलं की बेत चुकलाय. चारही ध्वज पहिल्या मजल्याच्या गॅलरीला आणि तिरंगा चौकातल्या खांबावर असं ठरलं होतं. खांब गॅलरीपेक्षा बुटका. ध्वजसंहितेप्रमाणे राष्ट्रध्वजाच्या वर किंवा बरोबरीने दुसरा ध्वज, पताकासुद्धा चालत नाही. रात्री साडेदहाला सगळं उतरवून तळमजल्याच्या पॅसेजमध्ये खांबांच्या मध्ये टांगलं. तिथे ते चौकातून आणि जिन्याकडून, दोन्हीकडून दिसतात. दहीहंडीवाल्या पोरांनी आधीच बांधलेल्या पताकाही सोडवायला लावल्या, त्यांनी तोंडं वाकडी केली पण सोडवल्या.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झालं. पाऊस मधूनमधून. तिसरीतली एक मुलगी जिन्याकडून होमरूलच्या झेंड्यापाशी थांबली आणि म्हणाली, काकू, सप्तर्षी उलटे आहेत. तारे दोन्ही बाजूंना एकाच जागी लावले होते, मागून मांडणी आरशातली. महिनाभर मागच्या बाजूपायी झोप घालवली आणि हे राहिलंच. तिला म्हटलं, बरोबर आहे, चौकातून जाऊन बघ. ती गेली, बघून आली आणि म्हणाली, हां, तिकडून बरोबर आहेत.

१७ ऑगस्ट, रविवार
धुतले नाहीत, नुसते पंख्याखाली वाळवले. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवू नका, बुरशी येते. जुन्या सुती चादरीत, मध्ये कडुलिंबाचा पाला, घड्या न घालता गुंडाळून. १९०७ चा पुढच्या वर्षी परत शिवायचाय, केसरीवाड्यात जाऊन आल्यावर. १९२१ चा वेगळ्या चादरीत, सगळ्यांपासून लांब ठेवलाय. त्या लालचा मला अजून भरवसा नाही.